देवमासा ओळखताना लांबी सगळ्यात शेवटी पाहावी

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फूट लांबीचा देवमासा जिवंत लागला आणि वाचवण्याची खटपट चालू असतानाच दगावला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर सुमारे ३५ फुटांचा दुसरा देवमासा मृतावस्थेत आला. दोन्हींची छायाचित्रे त्या दिवसांत ठाण्यातल्या घराघरांत फिरली आणि पाहणाऱ्या बहुतेकांना ती एकाच प्राण्याची वाटली, कारण दोन्ही प्रचंड, दोन्ही काळपट आणि दोघांच्या लांबीत फरक केवळ सात फुटांचा. प्रत्यक्षात रेवदंड्याचा प्राणी निळा देवमासा होता आणि जुहूचा ब्रायड्स व्हेल. ब्रायड्स व्हेल पूर्ण वाढला तरी साधारण १४-१५ मीटरच्या पुढे जात नाही, तर निळ्याच्या मानाने ४२ फूट हे निव्वळ पोरवय असते.

नवख्या माणसाची पहिली चूक येथेच होते. देवमासा म्हटला की तो ‘केवढा’ होता हा प्रश्न आधी सुचतो, आणि ओळखीसाठी सर्वांत कमी उपयोगाचे उत्तर त्याच प्रश्नाचे असते. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सुमारे सात मीटरचे असते, म्हणजे कित्येक जातींच्या प्रौढांपेक्षा मोठे. म्हणून पुढील पायऱ्यांत शेपूट, तोंड, पाठ आणि श्वास यांना आधी स्थान दिले आहे आणि लांबीला मुद्दाम मागे ठेवले आहे.

पायरी पहिली : शेपूट आडवी की उभी

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या मुलांसाठी मी पार्किंगच्या मोकळ्या जागेत फक्कीने देवमाशाचे पूर्णाकृती चित्र काढायला घेतले. डोके, पाठ, पोट असे सगळे मनासारखे उतरले आणि शेवटी मी शेपूट काढली ती माशासारखी उभी, वरखाली दोन टोके असलेली. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका आमच्याकडे मासळी घेऊन येतात. ते पाटी खाली ठेवून क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, हा तुमचा रावस झाला. गाद्याची शेपूट अशी नसते, ती आडवी असते.” गादा म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा डॉल्फिन. काकांनी चपलेने माझी शेपूट पुसून टाकली आणि त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा धडा मुलांना त्यांच्याकडून मिळाला.

माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमासा, डॉल्फिन आणि शिंशुक यांच्या शेपटीचा पंखा आडवा असतो आणि तो वर-खाली हलतो. याचे कारण त्यांच्या पूर्वजांत आहे. देवमासा हा जमिनीवरून पाण्यात गेलेला सस्तन प्राणी असून, धावणाऱ्या कुत्र्याचा कणा जसा वर-खाली वाकतो तसाच त्याचाही वाकतो. या स्थित्यंतराच्या काळातील देवमाशांचे जीवाश्म आपल्या शेजारच्या कच्छमध्येच मिळाले आहेत, आणि त्यांतील एका प्रजातीला ‘कच्छिसेटस’ असे नावही आहे.

ही पायरी पार केली की व्हेल शार्कही बाजूला पडतो. नावात व्हेल असले तरी तो मासाच आहे. त्याची शेपूट उभी असते, मानेच्या बाजूला कल्ल्यांच्या फटी असतात आणि अंगावर पांढरे ठिपके असतात. आपल्या भाषेने देवमाशालाही ‘मासा’ म्हटले आहे, त्यामुळे हा घोळ मराठी बातम्यांत वारंवार होतो. त्याबद्दल बातमीदाराला फार दोष देता येत नाही.

पायरी दुसरी : तोंडात दात की झालर

सर्व देवमाशांचे दोन मोठे गट पडतात आणि त्यांची विभागणी तोंडात पाहून करता येते. एका गटाला दात असतात. दुसऱ्या गटात दातांच्या जागी वरच्या जबड्यातून लोंबणारी बॅलीनची झालर असते. बॅलीन हे हाड नव्हे. आपली नखे ज्या केराटिनची बनलेली असतात त्याचेच ते बनलेले असते. अरुंद, लांबट पट्ट्या एकीला एक लागून दाटीने उभ्या असतात आणि त्यांची आतली कड झिजून केसाळ झालेली असते, त्यामुळे जुन्या, दाते विसविशीत झालेल्या फणीची आठवण होते. प्राणी पाण्याचा मोठा घोट घेतो, जिभेने पाणी बाहेर ढकलतो आणि कोळंबीसारखे बारीक क्रिल किंवा लहान मासे या गाळणीत अडकून राहतात. निळ्या देवमाशाला प्रत्येक बाजूला अशा सुमारे तीनशे ते चारशे काळ्या पट्ट्या असतात, पण त्यांची लांबी मीटरभरच असते. आर्क्टिकमधला बोहेड हा त्याच्यापेक्षा लांबीने पुष्कळ कमी असूनही त्याच्या पट्ट्या चार मीटरपर्यंत वाढतात, म्हणूनच त्याचा जबडा कमानीसारखा वर उचललेला दिसतो.

तोंड बंद असेल तर डोक्यावरची श्वासरंध्रे पाहावीत. झालरवाल्यांना दोन रंध्रे असतात, आपल्या नाकपुड्यांसारखी शेजारी शेजारी. दातवाल्यांना एकच असते. मृत प्राण्याचे डोके वर आलेले असेल तर ही खूण छायाचित्रातही स्पष्ट दिसते.

दातवाल्या गटात डॉल्फिनही येतात आणि येथे नावे पुन्हा दगा देतात. ‘किलर व्हेल’ म्हणून ओळखला जाणारा ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा सदस्य आहे. पायलट व्हेलही त्याच कुळातला; जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनच्या बाजूला ऐंशीहून अधिक पायलट व्हेल एकदम किनाऱ्याला लागले होते. मात्र स्पर्म व्हेल हा डॉल्फिन नव्हे आणि दातवाल्यांत आकाराने सर्वांत मोठा तोच आहे.

पायरी तिसरी : पाठ आणि डोके

समुद्रात देवमासा पूर्ण दिसत नाही. पाण्यावर दोन-तीन सेकंद एक ओली पाठ सरकताना दिसते आणि बोटीवर बसलेल्या माणसाला तेवढ्यावरच निर्णय करावा लागतो. म्हणून ही पायरी सर्वांत अधिक सरावाची आहे, आणि अरबी समुद्राच्या दृष्टीने चार देवमाशांचा सराव केला तरी पुष्कळ काम भागते.

निळ्या देवमाशाची पाठ संपता संपत नाही. आधी डोके आणि श्वास दिसतो, मग राखाडी-निळी, फिकट डागांची पाठ सरकत राहते, आणि आता हा बिनपराचाच असावा असे वाटू लागते तेव्हा कुठे पाठीच्या शेवटच्या चतुर्थांशात एक इवलासा पर दिसतो. एवढ्या अवाढव्य शरीरावर तो पर जेमतेम फूटभर उंचीचा असतो. डोके वरून पाहिल्यास रुंद आणि पुढून गोलसर दिसते. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात या जातीची नोंद झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या पाण्यात निळा देवमासा येतो याचे अनेकांना नवल वाटले होते.

ब्रायड्स व्हेलचा पर त्यामानाने ठसठशीत असतो. तो मागे वळलेला, कोयत्याच्या पात्यासारखा असतो आणि श्वास दिसल्यावर लगेचच नजरेस पडतो. पण या जातीची खरी सही डोक्यावर आहे. थुथनापासून श्वासरंध्रांकडे जाणाऱ्या तीन समांतर कडा तिच्या डोक्यावर असतात, तर तिच्या जवळच्या नातेवाइकांना मध्यभागी एकच कड असते. हा देवमासा उष्ण समुद्रातच वर्षभर राहतो, थंड ध्रुवीय पाण्यात जात नाही, आणि म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर त्याची गाठ पडण्याचा संभव इतर मोठ्या देवमाशांपेक्षा अधिक आहे. त्याचे नाव योहान ब्रायड या नॉर्वेजियन गृहस्थावरून पडले. नॉर्वेजियन उच्चार खरे तर ‘ब्रूड’च्या जवळ जातो, पण मराठी वर्तमानपत्रांत ‘ब्रायड्स’ रुळले आहे, आणि ते बदलण्याचा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही असे मला वाटते.

हम्पबॅक ओळखायला सर्वांत सोपा. त्याचे पुढचे हात, म्हणजे वल्ह्यासारखे पर, शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे असतात; इतके लांब हात दुसऱ्या कोणत्याही देवमाशाला नाहीत. डोक्यावर आणि जबड्यावर मोठाल्या गाठी असतात आणि प्रत्येक गाठीवर एक केस असतो. बुडी मारताना तो पाठीची कमान करतो, त्यामुळे पाठीवरचा छोटा पर उंचवट्यावर बसवल्यासारखा दिसतो, आणि मग शेपटीचा पंखा पाण्याबाहेर उचलला जातो. त्या पंख्याच्या खालच्या बाजूवरची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक प्राण्याची वेगळी असते, आणि तीवरून अभ्यासक एकेका प्राण्याला वर्षानुवर्षे ओळखतात.

हम्पबॅकबाबत थोडे थांबावेसे वाटते. जगभरातील हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे आणि हिवाळ्यात उष्ण पाण्याकडे असा हजारो किलोमीटरचा प्रवास करतात; अरबी समुद्रातील हम्पबॅक मात्र हा समुद्र सोडत नाहीत आणि आज त्यांची संख्या अत्यल्प उरली आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ हम्पबॅक बेकायदा मारले होते. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रह यंत्र बसवलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तेथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. अरबीत लुबान म्हणजे धुपाचा डिंक. आपला लोबान हा त्याच शब्दाचा भाऊ. नवख्यांनी येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी. आपल्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या एका डॉल्फिनचे नावही हम्पबॅक डॉल्फिन आहे. त्याच्या पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर पर असतो. नाव जवळचे असले तरी तो दातवाला आहे आणि दोन-अडीच मीटरचा आहे.

स्पर्म व्हेलचे शरीर म्हणजे डोकेच डोके. एकूण लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग डोक्याने व्यापलेला असतो आणि ते पुढून चौकोनी, मालगाडीच्या इंजिनासारखे तुटलेले दिसते. खालचा जबडा मात्र अगदी चिंचोळा; वापरातले दात बहुधा त्यातच असतात आणि ते वरच्या जबड्यातील खाचांत बसतात. त्या डोक्यात मेणासारख्या तेलाचा प्रचंड साठा असतो, आणि आवाज घडवून काळोख्या पाण्यात माखूल शोधण्याच्या कामी तो येतो. पाठीवर पर नसतो, तर बसकट उंचवटा आणि त्यामागे मणक्यांसारख्या लहान गाठींची रांग असते. कातडी सुकलेल्या मनुकेसारखी सुरकुतलेली असते. हजार मीटरपेक्षा खोल जाण्यापूर्वी हाही शेपूट सरळ वर उचलतो, पण तिच्यावर हम्पबॅकसारखी पांढरी नक्षी नसते.

उत्तरेकडचे नारव्हाल आणि बेलुगा यांच्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. दोघेही आर्क्टिकचे, दोघांच्याही पाठीवर पर नाही, आणि नारव्हालचे प्रसिद्ध शिंग म्हणजे प्रत्यक्षात ओठातून बाहेर आलेला पीळदार दात आहे.

पायरी चौथी : श्वासाचा फवारा

देवमाशाच्या डोक्यातून उडणारे कारंजे हे समुद्राचे पाणी नसते. फुप्फुसांतली ऊबदार, दमट हवा जोराने बाहेर पडते आणि तिची वाफ दिसते. निळ्याचा फवारा सरळ आणि सडपातळ असून नऊ मीटर किंवा त्याहून उंच जातो, म्हणजे तीनमजली चाळीच्या गच्चीपर्यंत. हम्पबॅकचा बुटका आणि झुडपासारखा पसरट असतो. स्पर्म व्हेलचे एकमेव रंध्र डोक्याच्या पुढच्या टोकाला डावीकडे असल्यामुळे त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कललेला उडतो. दुरून दुसरे काहीही दिसत नसतानाही केवळ या कलावरून त्याचे नाव सांगता येते. राइट व्हेल आणि बोहेड यांचे फवारे दोन फाकांचे दिसतात. वारा जोरात असेल त्या दिवशी मात्र फवाऱ्यावर विसंबू नये.

पायरी पाचवी : आता लांबी

लांबी शेवटी ठेवली याचा अर्थ ती सोडून द्यावी असा नाही, कारण शरीराचा कोणता भाग केवढा आहे हे प्रमाण अंगी मुरल्याशिवाय पाठीवरून जात ओळखता येत नाही. त्यासाठी तीस मीटर सुतळी घ्यावी, दर मीटरला लाल चिंधी बांधावी आणि शाळेचे मैदान किंवा सोसायटीचे आवार गाठावे. तेवढी जागा नसेल तर रोजच्या वस्तू आहेतच. लोकलचा एक डबा साधारण वीस मीटरचा असतो. ठाणे स्थानकावर डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे आणि त्यापुढे आणखी पाव डबा चालावे, म्हणजे २५ मीटरचा निळा देवमासा संपतो. नवी मुंबईची नेहमीची मोठी बस सुमारे बारा मीटरची, म्हणजे मध्यम ब्रायड्स व्हेलएवढी. स्पर्म व्हेलचा नर सोळा मीटरच्या आसपास आणि मादी अकरा मीटरच्या आसपास असते. नर-मादीच्या आकारात एवढा फरक मोठ्या देवमाशांत इतरत्र नाही, आणि झालरवाल्यांत तर उलट मादीच किंचित मोठी असते. आपली रिक्षा अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते. बुटका स्पर्म व्हेल हा खरोखरीचा देवमासा तेवढाच असतो, हे ऐकून मुलांना सर्वांत अधिक आश्चर्य वाटले.

फक्कीने चित्र काढताना आधी सुतळी सरळ ताणून तिच्यावर खुणा कराव्यात. निळ्यासाठी पंचवीसपैकी एकोणिसाव्या मीटरच्या आसपास किंवा थोडा पुढे पर येतो. सोळा मीटरच्या स्पर्म व्हेलसाठी पाचव्या मीटरच्या थोडे पुढे डोके संपते. चौदा मीटरच्या हम्पबॅकसाठी साडेचार मीटरचा हात वेगळ्या सुतळीने मोजून जोडावा. आमच्या मुलांनी तो हात काढला तेव्हा तो सेक्रेटरींच्या गाडीखाली गेला आणि गाडी हलवल्यावरच चित्र पुरे झाले.

पायरी सहावी : प्रत्यक्षात कोठे पाहावे आणि किनाऱ्याला लागलेला दिसल्यास काय करावे

ठाण्याच्या खाडीत देवमासा शोधू नये. खाडी उथळ आणि गाळाची आहे; तिचे वैभव फ्लेमिंगो, खारफुटी आणि निवट्या-खेकड्यांत आहे. नजर तयार करण्यासाठी दापोलीजवळ किंवा तारकर्लीला डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत बसावे आणि प्रत्येक वेळी पाठीचा, पराचा, श्वासाचा क्रम मनात म्हणावा. नावाड्याला होडी डॉल्फिनच्या अंगावर घालू नका असे नम्रपणे सांगावे.

किनाऱ्याला लागलेला देवमासा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. प्राणी जिवंत असेल तर श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, कातडी ओल्या कापडाने झाकावी, शेपटीला दोर बांधून ओढू नये आणि गर्दी दूर ठेवावी. पाण्याने तोललेले वजन वाळूवर त्याच्या फुप्फुसांवरच पडते, त्यामुळे तेथे वेळ फार थोडा असतो. मृत असेल तर हात लावू नये. कुजण्याने पोटात वायू साठतो, काही झालरवाल्यांच्या गळ्यावर ज्या लांबट घड्या असतात त्या चुण्या फुग्यासारख्या फुगतात, कातडी सोलून रंग पार बदलतो. अशा वेळी रंग विसरावा आणि डोक्यावरच्या कडा, झालर किंवा दात आणि गळ्याच्या चुण्या मोजाव्यात : हम्पबॅकला त्या रुंद आणि चौदा ते पस्तीस, निळ्याला बारीक आणि साठ ते नव्वदच्या दरम्यान. स्पर्म व्हेलला अशी चुण्यांची झोळी नसतेच.

हाडाचा तुकडा, दात किंवा बॅलीन आठवण म्हणूनही घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे. वर्तमानपत्रांत ‘व्हेलची उलटी’ म्हणून गाजणारा अंबरग्रीस हा स्पर्म व्हेलच्या आतड्यात माखुलांच्या कठीण चोचींभोवती तयार होणारा पदार्थ. त्याचा व्यवहार करणाऱ्यांना ठाणे आणि नवी मुंबई परिसरातही पोलिसांनी पकडले आहे.

पायरी सातवी : वहीत काय लिहावे

तारीख, वेळ, ठिकाण आणि समुद्राची स्थिती लिहावी. मग वरच्याच क्रमाने शेपूट, तोंड किंवा श्वासरंध्रे, पाठ, पर, फवारा, आणि लांबी शेवटी, तीही ‘अंदाजे’ असे लिहून. छायाचित्र काढताना शेजारी काठी किंवा चप्पल ठेवावी, म्हणजे माप कळते. आणि कोणत्या बाजूचे छायाचित्र आहे, डाव्या की उजव्या, हे हमखास लिहावे. ही नोंद बहुतेक जण गाळतात, पण फिन व्हेलच्या बाबतीत निकाल तिच्यावरच लागतो : या देवमाशाचा उजवा खालचा जबडा पांढरा असतो आणि डावा काळा.